शब्द मानावा, पण कुठवर? आईवडिलांचा सल्ला आणि ख्रिस्ती श्रद्धा

१८४३ साली मुंबईत दोन ब्राह्मण भावांवरून मोठे वादळ उठले. थोरला नारायण शेषाद्री स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेला. त्याने रॉबर्ट नेस्बिट यांच्या हातून बाप्तिस्मा घेतला. धाकटा श्रीपत अजून लहान होता. त्याचा बाप्तिस्मा झाला नव्हता, पण भावापाठोपाठ तोही मिशनरींकडे राहायला गेला आणि त्यांच्या घरी जेवला. वडिलांनी सुप्रीम कोर्टात धाव घेतली. कोर्टाने श्रीपतला अजाण ठरवून त्यांच्या स्वाधीन केले. मुलगा घरी आला खरा, पण जात गमावून. त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी खटपट केली, तर सनातन्यांनी त्यांनाच धारेवर धरले. त्याआधी चार वर्षे, १८३९ मध्ये, धनजीभाई नवरोजी या पारशी तरुणाच्या प्रकरणात याच कोर्टाने त्याला कुठे राहायचे ते ठरवण्याची मोकळीक दिली होती, आणि तो डॉ. जॉन विल्सन यांच्याबरोबर निघून गेला होता.

महाराष्ट्रातल्या शिकलेल्या वर्गातून आलेली ख्रिस्ती लोकांची पहिली पिढी ही अशी, आईबापांचा शब्द मोडून आलेली. आणि त्याच मंडळीच्या रविवारच्या शाळेत आज पोरांकडून सगळ्यात आधी जी आज्ञा पाठ करून घेतात ती असते आईबापांचा मान राखण्याची. बहुतेक प्रॉटेस्टंट तिला पाचवी म्हणतात, कॅथलिक आणि लुथरन चौथी, कारण आधीच्या आज्ञांची मोजणी वेगळी. यात ढोंग आहे असे मला वाटत नाही. पण दोन गोष्टी एकाच श्रद्धेत कशा बसतात हे आपण क्वचितच नीट मांडतो. मांडत नाही म्हणून घराघरात ती आज्ञा मुलांना गप्प करण्यासाठी वापरली जाते, आणि मुलेही मोठी झाल्यावर तिच्याकडे पाठ फिरवतात. आईवडिलांचे ऐकणे हा श्रद्धेचा भाग आहे का, असल्यास किती, याबद्दल शास्त्रात आणि मंडळीच्या दोन हजार वर्षांत काय काय झाले, ते एकदा सलग पाहायला हवे.

मूळ आज्ञा निर्गमाच्या विसाव्या अध्यायात आहे आणि अनुवादाच्या पाचव्यात पुन्हा येते. ती वाचताना एक साधी गोष्ट निसटते. दहा आज्ञा कुणाला उद्देशून आहेत? ज्याच्याकडे गुलाम आहेत, गुरेढोरे आहेत, ज्याला शेजाऱ्याच्या बायकोचा आणि बैलाचा लोभ सुटू शकतो, अशा कर्त्या माणसाला. म्हणजे आईबापांचा मान राख, हे शाळकरी पोराला सांगितलेले नाही. घर ज्याच्या हातात आले आहे आणि ज्याचे आईबाप आता थकले आहेत, त्याला सांगितले आहे. देशात दीर्घकाळ नांदशील हे वचनही त्याला जुळते: म्हाताऱ्यांना टाकणारा समाज टिकत नाही. लेवीय पुस्तकात हीच आज्ञा येते तेव्हा आईचे नाव बापाच्या आधी आहे, याकडेही ज्यू शास्त्री पूर्वीपासून लक्ष वेधत आले आहेत.

जुन्या करारात याची कठोर बाजूही आहे. अनुवादाच्या एकविसाव्या अध्यायात हट्टी, उडाणटप्पू मुलाला गावाच्या वेशीवर नेऊन दगडमार करावा असा नियम दिला आहे. तो वाचून अंगावर काटा येतो. पण त्यातही आईबाप दोघांनी मिळून वडीलजनांपुढे जायचे आहे, म्हणजे एकट्या बापाच्या रागावर मुलाचा जीव ठेवलेला नाही. पुढे तालमूदच्या पंडितांनी या नियमाला इतक्या अटी घातल्या की त्यांच्यातल्याच एका मतानुसार असा मुलगा कधी झालाच नाही आणि होणारही नाही. नियम पुस्तकात राहिला, हातात दगड कुणी घेतला नाही.

सल्ला म्हणून जे आहे ते नीतिसूत्रांत सापडते. या पुस्तकाचा पहिला भाग म्हणजे बापाने मुलाला जवळ बसवून केलेले बोलणे. त्यात आईची शिकवण बापाच्या बोधाच्या शेजारी उभी आहे, आणि शेवटचा अध्याय तर लमुएल राजाला त्याच्या आईने शिकवलेले वचन म्हणूनच दिला आहे: दारूच्या नादी लागू नकोस, मुक्यांसाठी तोंड उघड. या पुस्तकातला बाप बहुतेक वेळा कारण देतो. अमुक वाटेला गेलास तर काय होईल ते डोळ्यांसमोर उभे करतो, कुणाचे काय झाले ते सांगतो, मुलाला पटवतो. छडीची वचनेही याच पुस्तकात आहेत आणि व्यासपीठावरून तीच जास्त ऐकू येतात, हे दुर्दैव.

रेखाब्यांची गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही. ती यिर्मयाच्या पस्तिसाव्या अध्यायात आहे. यरुशलेमेवर बाबेलच्या सैन्याचे सावट होते. रेखाबी नावाचे एक भटके कुळ जीव वाचवायला शहरात आले होते. यिर्मयाने त्यांना मंदिराच्या एका खोलीत बोलावले, त्यांच्यापुढे द्राक्षारसाचे घडे आणि पेले मांडले आणि प्या म्हणाला. संदेष्टा सांगतो आहे, जागा देवाच्या घरातली आहे. तरी ते म्हणाले, आम्ही पीत नाही. आमचा पूर्वज योनादाब याने सांगून ठेवले आहे: द्राक्षारस प्यायचा नाही, घर बांधायचे नाही, शेत पेरायचे नाही, तंबूत राहायचे. योनादाब होऊन गेल्याला तेव्हा सुमारे अडीचशे वर्षे झाली होती. देवाने यिर्मयाच्या तोंडून त्यांना शाबासकी दिली आणि यहूदाच्या लोकांना विचारले: हे एका माणसाचा शब्द एवढी वर्षे पाळतात, मग तुम्ही माझा का पाळत नाही? आता गंमत पाहा, द्राक्षारस सोडायची किंवा तंबूत राहायची आज्ञा देवाने यहूदाच्या लोकांना दिली नाही. योनादाबाचा नियम त्याच्या कुळापुरताच राहिला. वडिलांच्या शब्दातली निष्ठा देवाला आवडली, तो शब्द सगळ्यांचा कायदा मात्र झाला नाही. घराण्याच्या रीती आणि देवाची आज्ञा यांची सरमिसळ करणाऱ्यांनी हा अध्याय वाचावा.

इथ्रोची कथाही अशीच मोलाची आहे. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा लोकांचे तंटे सोडवत बसे. सासऱ्याने ते पाहिले आणि म्हणाला, तू थकून जाशील, माणसे नेम, लहान तंटे त्यांच्याकडे दे. मोशेने ऐकले. इथ्रो मिद्यानी याजक होता, इस्राएलाच्या करारातला नव्हता. सीनाय पर्वतावर देवाशी बोलणारा माणूस परक्या धर्माच्या वडीलधाऱ्याचा सल्ला मानतो, आणि शास्त्र त्याला त्याबद्दल दोष देत नाही. उलट बाजूला योनाथान आहे. शौल बाप आणि राजाही, तरी दावीदाला मारायचा त्याचा हुकूम योनाथानाने मोडला. पण लढाईत तो बापाच्या बाजूलाच उभा राहिला आणि गिलबोवावर त्याच्याबरोबरच मेला. एली याजकाचे पोरगे मंदिरातच अनाचार करत होते आणि एलीने त्यांना आवरले नाही. तिथे दोष बापावरही आला. सल्ला न मानणारी मुले आणि सल्ला द्यायला कचरणारे आईबाप, दोघेही शास्त्राच्या हिशेबात आहेत.

येशूच्या बाबतीत तर दोन्ही टोके एकाच माणसात दिसतात. बारा वर्षांचा असताना तो न सांगता यरुशलेमेत मागे राहिला. आईबापांनी तीन दिवस शोधले, मंदिरात सापडला. आईने बोल लावले, त्याने उत्तर दिले, आणि मग लूक सांगतो की तो त्यांच्याबरोबर नासरेथास गेला व त्यांच्या आज्ञेत राहिला. काना गावच्या लग्नात आईने द्राक्षारस संपल्याचे सांगितले तेव्हा तो आधी नाही म्हटल्यासारखे बोलला आणि मग तिचे काम केले. पण पुढे आई आणि भाऊ त्याला भेटायला बाहेर येऊन उभे राहिले, तेव्हा देवाची इच्छा पाळणारेच माझी आई आणि माझे भाऊ, असे तो म्हणाला. आईबापांवर माझ्यापेक्षा जास्त प्रेम करणारा मला योग्य नाही, हे मत्तयात आहे. लूकात तर त्याहून कडक शब्द आहेत. आधी बापाला पुरून येतो म्हणणाऱ्यालाही त्याने थांबू दिले नाही. आणि वधस्तंभावर, शेवटच्या घटकांत, आईला त्याने आपल्या लाडक्या शिष्याच्या हाती सोपवले.

या सगळ्याचा धागा मला मार्कच्या सातव्या अध्यायात सापडतो. परूश्यांनी एक सोय केली होती: आईबापांना द्यायचा पैसा देवाला वाहिला, कुर्बान झाला असे म्हटले की त्यांना सांभाळायची जबाबदारी संपली. येशूने यावर त्यांना सडकून काढले. देवाच्या नावाने आईबापांचे पोट मारणे म्हणजे देवाचीच आज्ञा रद्द करणे, असे त्याने सुनावले. म्हणजे जो येशू त्याच्यासाठी घर सोडा म्हणतो, तोच आईबापांच्या भाकरीला हात लावू देत नाही. माणसाने कुणामागे जावे यावर आईबापांचा शेवटचा शब्द नाही. पण त्यांची भाकर, त्यांचा मान, त्यांचे म्हातारपण यांतून सुटका कुणालाच नाही, भक्ताला तर नाहीच.

पौलाने इफिसकरांस पत्रात मुलांना आईबापांच्या आज्ञेत राहायला सांगितले आणि सोबत ‘प्रभूमध्ये’ अशी मर्यादा घातली. त्यानंतर तीनच वचनांनी बापांना बजावले की मुलांना चिडवू नका. कलस्सैकरांना लिहिताना कारणही दिले: मुले खचतील म्हणून. त्या काळी रोमी बापाचा मुलांवर जवळजवळ अमर्याद हक्क होता. अशा बापाला जाहीरपणे मर्यादा सांगणे ही नवी गोष्ट होती. आपल्याकडे पहिले वचन मंडळीत दर वर्षी ऐकू येते. चौथे वचन मी फार कमी उपदेशांत ऐकले आहे. हा अर्धा उपदेश मला सगळ्यात जास्त खुपतो.

पहिल्या शतकांतल्या ख्रिस्ती लोकांनी या प्रश्नाची किंमत रक्ताने मोजली. कार्थेजची पर्पेतुआ सुमारे बावीस वर्षांची, अंगावर पिणारे मूल. २०३ साली तिला पकडले. तुरुंगात तिने लिहिलेली टिपणे आजही आहेत आणि त्यांत तिचा बाप पुन्हा पुन्हा येतो. आधी तो रागावतो, मग विनवणी करतो, तिच्या पायावर पडतो, माझ्या पांढऱ्या केसांकडे बघ, बाळाकडे बघ म्हणतो. तिने श्रद्धा सोडली नाही. पण अधिकाऱ्याने बापाला छड्या मारायला लावल्या तेव्हा त्या आपल्यालाच बसल्यासारखे वाटले, त्याच्या म्हातारपणाची कीव आली, हेही तिने लिहून ठेवले. बापाचा शब्द मोडताना तिने बाप मनातून काढून टाकला नाही. नंतरच्या कित्येक संतचरित्रांत ही कणव हरवलेली दिसते, आणि मग आईबाप म्हणजे जणू सैतानाचे वकील, असा सूर लागतो.

संत ऑगस्टीन आणि त्याची आई मोनिका यांची गोष्ट मंडळीत नेहमी सांगितली जाते: आईने वर्षानुवर्षे अश्रू ढाळले, शेवटी मुलगा वळला, ३८७ मध्ये मिलानला त्याचा बाप्तिस्मा झाला. खरे आहे. पण त्याच्या आत्मकथनात बरेच काही आहे जे उपदेशात येत नाही. ३८३ मध्ये आई सोडेना म्हणून मित्राला निरोप द्यायला जातो अशी थाप मारून तो रात्रीच रोमला जहाजाने निघून गेला. आणि मिलानला आल्यावर आईच्या खटपटीने त्याचे एका लहान मुलीशी लग्न ठरले. त्यासाठी त्याच्या मुलाची आई, जिच्याबरोबर त्याने कित्येक वर्षे संसार केला होता, तिला परत आफ्रिकेला पाठवले गेले. तिचे नावही त्याने दिलेले नाही, आपल्या काळजाला जखम झाली एवढे मात्र सांगितले. ते लग्नही पुढे झाले नाही. मोनिका संत आहे आणि तिच्या प्रार्थनेला तोड नाही, पण तिचा तो सल्ला एका बाईच्या आयुष्यावर उठला. संतपद मिळालेल्या आईचेही प्रत्येक म्हणणे देवाचे म्हणणे नसते.

मध्ययुगात विचार अधिक नेमका झाला. थॉमस अक्वायनस तरुणपणी डॉमिनिकन संघात गेला म्हणून घरच्यांनी त्याला सुमारे वर्षभर कोंडून ठेवले होते. पुढे त्याने आपल्या मोठ्या ग्रंथात लिहिले की लग्न करायचे की ब्रह्मचारी राहायचे या बाबतीत मुले आईबापांच्या आज्ञेला बांधलेली नाहीत. आणि दुसऱ्या बाजूने त्यानेच लिहिले की ज्यू किंवा इतर अन्यधर्मीयांच्या अजाण मुलांना आईबापांच्या मर्जीविरुद्ध बाप्तिस्मा देऊ नये, तो निसर्गन्यायाचा भंग आहे.

हे दुसरे वाक्य मंडळीने पाळले असते तर गोव्याच्या इतिहासातले एक काळे पान लिहिले गेले नसते. १५५९ मध्ये पोर्तुगीज राजसत्तेने फर्मान काढले की ज्या हिंदू मुलांना आईबाप आणि आजीआजोबा नाहीत त्यांना ताब्यात घेऊन ख्रिस्ती करावे. अंमल करताना बाप वारला की आई जिवंत असली तरी मूल अनाथ धरले जाई. अ. का. प्रियोळकरांनी गोव्याच्या इन्क्विझिशनवरच्या १९६१ च्या ग्रंथात याचा तपशील दिला आहे. आईबापांचा मान राख, ही आज्ञा ज्या गावात मुलांना शिकवली जात होती, त्याच गावात आयांच्या हातून मुले काढून घेतली जात होती. १८५८ मध्ये बोलोन्यात एडगार्डो मोर्तारा या सहा वर्षांच्या ज्यू मुलाला, मोलकरणीने गुपचूप बाप्तिस्मा दिला होता एवढ्यावरून, पोपच्या राज्यातल्या पोलिसांनी आईबापांपासून नेले. तो परत मिळाला नाही. सबंध युरोपभर याविरुद्ध आवाज उठला. या बाबतीत मंडळीने पश्चात्तापाशिवाय दुसरे काही बोलू नये.

धर्मसुधारणेच्या काळात वाद लग्नावर येऊन ठेपला. मार्टिन लुथरला वडिलांनी वकील करायचे ठरवले होते. १५०५ मध्ये वादळात अडकल्यावर त्याने नवस केला आणि तो मठात गेला. दोन वर्षांनी त्याच्या पहिल्या मिस्साला वडील आले आणि सर्वांसमक्ष विचारले, आईबापांचे ऐकावे हे तुम्ही वाचले नाही का? ते वाक्य लुथरच्या मनात रुतून बसले. १५२१ मध्ये मठातल्या व्रतांविरुद्ध पुस्तक लिहिले ते त्याने वडिलांनाच अर्पण केले, आणि तेव्हा तुमचेच बरोबर होते, हे त्यात कबूल केले. १५२४ च्या एका छोट्या लेखात त्याने दोन्ही बाजूंनी मर्यादा घातल्या: आईबापांनी मुलांवर लग्न लादू नये किंवा अडवू नये, आणि मुलांनीही त्यांना अंधारात ठेवून लग्न ठरवू नये. १५६३ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने फ्रान्सच्या मागणीला न जुमानता ठरवले की आईबापांची संमती नसली तरी लग्न खरेच, मात्र ते धर्मगुरू आणि साक्षीदारांसमोर झाले पाहिजे. आज प्रेमविवाहाला चर्चने मान्यता द्यावी का असे विचारणाऱ्यांना माहीत नसते की हा निकाल साडेचारशे वर्षांपूर्वी लागला आहे.

आशियात प्रश्न आणखी खोल गेला, कारण इथे आईबापांचा मान त्यांच्या मरणाबरोबर संपत नाही. चीनमध्ये मात्तेओ रिची आणि त्याच्या मागच्या जेझुइटांनी पूर्वजांच्या पाटीपुढे नमन करणे हा कौटुंबिक आदर मानला. १७१५ आणि १७४२ मध्ये रोमने त्यावर बंदी घातली. कोरियात युन जी-चुंग याने आई वारल्यावर पूर्वजविधी केला नाही आणि पाट्या जाळल्या, म्हणून १७९१ मध्ये त्याला मृत्युदंड झाला. रोमने ती बंदी १९३९ मध्ये उठवली. आज अशाच विधीत कोरियन कॅथलिक सहभागी होऊ शकतात, आणि युनला २०१४ मध्ये धन्य घोषित केले गेले. मराठी घरांतही हेच दुःख होते. मुलगा ख्रिस्ती झाला म्हणजे श्राद्ध कोण करणार, पिंड कोण देणार? शेषाद्री बंधूंच्या वडिलांसारख्या बापांच्या रागात जातीचा अहंकार होता, हे नाकारायचे कारण नाही. पण मेल्यावर आपल्या नावाने पाणी सोडायला कुणी उरणार नाही ही धास्तीही त्यात होती, आणि ती मिशनरींच्या अहवालांत फारशी उमटली नाही. १८५० च्या कायद्याने धर्मांतर केलेल्याचा वारसाहक्क वाचवला. बापाची धास्ती कायद्याने कशी जाणार?

या सगळ्यात पंडिता रमाबाईंची साक्ष मला सर्वांत महत्त्वाची वाटते. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवले. १८७४ च्या दुष्काळात कुटुंब रानोमाळ भटकले, झाडपाला आणि रानटी खजुरावर दिवस काढले, आणि वडील गेले. रमाबाईंनी १९०७ च्या आपल्या साक्षीत त्या शेवटच्या क्षणांविषयी लिहिले आहे. दृष्टी गेलेल्या, अशक्त वडिलांनी त्यांना जवळ घेऊन सांगितले की तू माझी धाकटी लाडकी लेक, तुला मी देवाच्या हाती दिले आहे, जन्मभर त्याचीच राहा, त्याचीच सेवा कर. नऊ वर्षांनी, १८८३ मध्ये, इंग्लंडमध्ये वाँटेजला रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. बाहेरून पाहणाऱ्याला हे वडिलांच्या धर्माशी फारकत घेणे वाटेल. रमाबाईंनी मात्र त्याकडे वडिलांचा शब्द पूर्ण झाला असेच पाहिले. वडिलांना जो देव ठाऊक नव्हता त्यानेच त्यांची प्रार्थना ऐकली, असे त्यांचे म्हणणे. याच बाईंनी वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांनी आध्यात्मिक आई या नात्याने आज्ञाधारकपणाची अपेक्षा केली तेव्हा पत्रांतून स्पष्ट सांगितले की माझी सद्सद्विवेकबुद्धी मी कुणाच्या हवाली करणार नाही. मुलगी मनोरमा कशी वाढवायची हेही त्यांनी मंडळीला ठरवू दिले नाही. वडिलांचा सल्ला आयुष्यभर वाहणे आणि तरी कुणाची आंधळी आज्ञा न मानणे, हे दोन्ही त्या एका बाईने करून दाखवले.

अहमदनगर, जालना, सोलापूरकडच्या खेड्यांत चित्र वेगळे होते हेही सांगायला हवे. तिथे महार-मांग समाजातली माणसे बहुधा घरेच्या घरे, भावकीसकट मंडळीत आली. म्हाताऱ्याने ठरवले आणि घर त्याच्या मागे गेले, असेही झाले. तिथे आईबापांचे ऐकणे म्हणजेच ख्रिस्ती होणे. मराठी ख्रिस्ती समाजातल्या बहुसंख्य घरांची कुळकथा ही आहे. चरित्रे आणि आत्मचरित्रे मात्र घर सोडलेल्या उच्चवर्णीयांची लिहिली गेली.

विसाव्या शतकात कॅथलिक शिकवण बरीच स्पष्ट झाली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये सांगितले की आईबापांनी कुटुंब उभारण्याबाबत तरुणांना शहाणा सल्ला द्यावा, पण लग्नासाठी किंवा जोडीदारासाठी थेट किंवा आडून दबाव आणू नये. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथाने त्याची नीट विभागणी केली. मूल घरात आहे तोवर त्याच्या भल्यासाठी सांगितलेले ऐकावे. चुकीची गोष्ट करायला सांगितली तर ऐकू नये. मोठे झाल्यावर आज्ञापालन संपते, आदर संपत नाही. मग मुलांनी सल्ला आपणहून विचारावा आणि आईबापांनी तो द्यावा, निर्णय मुलांचा. हायडेलबर्ग प्रश्नोत्तरात (१५६३) रिफॉर्म्ड मंडळ्यांनी आईबापांचे दोषही धीराने सोसावेत असे म्हटले होते. तेही या यादीत हवे. याउलट अमेरिकेत बिल गॉथर्ड यांच्या शिबिरांतून अधिकाराच्या छत्रीची शिकवण पसरली: देवाखाली बाप, बापाखाली घर, आणि प्रौढ मुलांनीही त्या छत्रीबाहेर पडू नये. ही कल्पना आता आपल्या काही नव्या मंडळ्यांत पुस्तकांतून आणि व्हिडिओंतून येते आहे. तिला शास्त्राचा आधार नाही असे माझे स्पष्ट मत आहे. इथ्रो, योनाथान आणि बारा वर्षांचा येशू या छत्रीत मावत नाहीत.

आपल्याकडे हा प्रश्न सगळ्यात जास्त पेटतो तो लग्नात, आणि तिथे आईबापांच्या सल्ल्याच्या आड जात उभी असते. गोव्यात बामण, चारडी, सुदीर हे भेद चर्चच्या बाकांवर पुसट झाले तरी स्थळ पाहताना जागे होतात. वसईत आणि मराठवाड्यातही आपल्यातलेच स्थळ पाहिजे, हे वाक्य ख्रिस्ती घरांत सहज ऐकू येते. ख्रिस्तात ज्यू नाही, हेल्लेणी नाही असे शिकलेली मुलगी जेव्हा घरी विचारते की मग हा मुलगा का नको, तेव्हा तिला पाचवी आज्ञा ऐकवली जाते. ही आज्ञेची विटंबना आहे. केरळच्या संत अल्फोन्सा यांनी तर मावशीने ठरवलेले लग्न टाळण्यासाठी जळत्या भुशाच्या खड्ड्यात पाय भाजून घेतला. आज आपण त्यांना वेदीवर बसवले आहे, पण त्या मुलीला तिथवर ढकलणाऱ्या आग्रहाबद्दल बोलत नाही. कायद्याचीही एक नोंद: १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यात एकवीस वर्षांखालच्या वधूवरांसाठी वडिलांच्या संमतीची तरतूद आहे. एकवीस पूर्ण केलेल्यांना ती लागत नाही.

सल्ला वाईटच असतो असे मात्र मुळीच नाही. पौल तीमथ्याच्या श्रद्धेचा माग काढतो तेव्हा आजी लोईस आणि आई युनीके यांच्यापाशी पोचतो. गोव्यात रात्री तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, संपल्यावर लहानथोर ओळीने वडीलधाऱ्यांपुढे जाऊन बेसांव, म्हणजे आशीर्वाद, मागतात. त्या क्षणी कुणी हुकूम देत नाही. हात जोडले जातात, डोक्यावर हात ठेवला जातो, आणि दिवसभर कितीही वाद झाला असला तरी माणसे एकमेकांच्या इतकी जवळ येतात. ज्या घरात हे टिकले आहे तिथे सल्ला ऐकायला मुलांचे कान तयार असतात. कारण तो ज्या तोंडातून येतो त्या तोंडाने आधी आशीर्वाद दिलेला असतो.

आणि मग म्हातारपण. आज वसईची, गोव्याची, मुंबईची मुले आखातात, इंग्लंडात, कॅनडात आहेत. घरे दुरुस्त केलेली, रंगवलेली, आणि आत दोन म्हातारी माणसे. पैसे येतात, फोन येतो. आईवडिलांना न सांभाळणाऱ्यांसाठी २००७ चा कायदा आहे, न्यायाधिकरण आहे, दरमहा दहा हजार रुपयांपर्यंतचा निर्वाह आहे. पण सीनाय पर्वतावरची आज्ञा ज्या कर्त्या माणसाला दिली होती, तो आज हाच. त्याचा मुलगा ऐकत नाही म्हणून तो पाळकांकडे तक्रार करतो. त्याच्या आईची गोळी संपली आहे का हे त्याला कुणी विचारत नाही. स्वतःच्या कुटुंबाची तरतूद न करणारा अविश्वासू माणसाहून वाईट, असे पौलाने तीमथ्याला लिहिले. मंडळीला मोठी देणगी देणाऱ्यांपैकी कुणाचे कुर्बान झाले आहे का, हेही मंडळीने पाहिले पाहिजे.

या विषयावर शास्त्रातला सगळ्यात हळुवार मजकूर बेनसिराच्या ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात आहे. इ.स.पू. १८० च्या सुमारास यरुशलेमेतल्या एका शिक्षकाने तो लिहिला. त्यात मुलाला सांगितले आहे की बाप म्हातारा झाला तर त्याला आधार दे, त्याची बुद्धी चालेनाशी झाली तरी त्याच्याशी सबुरीने वाग, तू धडधाकट आहेस म्हणून त्याला हिणवू नकोस. स्मृतिभ्रंश झालेल्या बापाला भरवणाऱ्या, आईचे तेच ते बोलणे दिवसातून दहा वेळा ऐकणाऱ्या मुलांना दुसऱ्या कुठल्या अध्यायात एवढी ओळख मिळत नाही. हा ग्रंथ लेखकाच्या नातवाने मिसरात बसून ग्रीक भाषेत नेला आणि आजोबांचे काम पुढे पोचवतो आहोत हे प्रस्तावनेत लिहिले. मूळ हिब्रू शतकानुशतके हरवली होती. नातवाच्या त्या भाषांतरामुळे ग्रंथ वाचला. कॅथलिक मंडळी या अध्यायातला भाग पवित्र कुटुंबाच्या सणाला मिस्सात वाचते. प्रॉटेस्टंट बायबलात मात्र हा ग्रंथ नाही. त्याला शास्त्र म्हणायचे की नाही हा वाद बाजूला ठेवून आपल्या पाळकांनी तो एकदा मंडळीत मोठ्याने वाचावा, आणि त्याच रविवारी इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायातले चौथे वचनही वाचावे. घरी तो ग्रंथ नसेल तर शेजारच्या कॅथलिक घरातून बायबल मागून आणा. तिसऱ्या अध्यायातली पहिली सोळा वचने आहेत, वाचायला पाच मिनिटे लागतात.